फसलं कुणीच नाही, मग फसवणूक कसली?

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश आर्थर एन्गोरॉन यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर सुमारे ३५ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. व्याज धरून ती रक्कम ४५ कोटींच्या वर गेली. त्या दिवशी आपल्याकडच्या बऱ्याच मुस्लिम व्हॉट्सअ‍ॅप गटांत ईदचा माहोल होता. ज्या माणसाने २७ जानेवारी २०१७ रोजी एका सहीने सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेचे दरवाजे बंद केले, त्याच्या खिशात कुणीतरी हात घातला, याचा तो आनंद होता. पुढे २१ ऑगस्ट २०२५ रोजी अपील न्यायालयाने तो सगळा दंड रद्द केला. मग त्याच गटांत ‘बघा, पैसेवाल्याला सगळं माफ’ असं फिरू लागलं. ट्रम्पसमर्थकांनी नेमकं उलट केलं. त्यांना पहिला निकाल सूडाचा वाटला आणि दुसरा इन्साफाचा.

दोन्ही बाजूंनी निकाल किती जणांनी वाचले असतील, हा प्रश्न बाजूला ठेवू. या खटल्याच्या निमित्ताने जे दोन प्रश्न चर्चेत आले, ते ट्रम्प यांच्याहून फार जुने आहेत. पहिला, ज्यात कुणाचंच नुकसान झालं नाही तिला फसवणूक म्हणायचं का? दुसरा, फसवणूक सिद्ध झाली तरी दंड किती घ्यायचा? हे प्रश्न फिक्हच्या किताबांमध्ये आहेत, इंग्लंडच्या सनदांमध्ये आहेत, आणि आपल्या दंडसंहितेतही आहेत.

आधी प्रकरण काय होतं ते पाहू. हा फौजदारी खटला नव्हता. तुरुंगाचा प्रश्न नव्हता, ज्युरीही नव्हती. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये दाखल केलेला हा दिवाणी दावा. त्याची सुरुवात मात्र वॉशिंग्टनमध्ये झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांचे जुने वकील मायकेल कोहेन यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, की साहेब गरजेप्रमाणे आपल्या मालमत्तेची किंमत फुगवतात आणि गरजेप्रमाणे आकसवतात. पुढच्याच महिन्यात जेम्स यांनी चौकशी सुरू केली.

चौकशीचा गाभा होता एक कागद. ट्रम्प दरवर्षी आपल्या एकूण संपत्तीचं पत्रक काढत आणि ते बँकांना, विमा कंपन्यांना देत. त्यात मॅनहॅटनमधल्या ट्रम्प टॉवरमधलं त्यांचं स्वतःचं तीन मजली घर ३० हजार चौरस फुटांचं दाखवलं होतं. प्रत्यक्षात ते १०,९९६ चौरस फूट निघालं. आपल्याकडे कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपच्या खेळात मुरलेला बिल्डरसुद्धा एवढी झेप घेणार नाही. (तसाही हा टॉवर ५८ मजल्यांचा आहे, पण वरच्या मजल्याचा आकडा ६८ आहे. तिथे मजलेसुद्धा मालकाच्या मर्जीने मोजले जातात.) त्या फुगवलेल्या क्षेत्रफळावर एका वर्षी घराची किंमत ३२ कोटी ७० लाख डॉलर लावली होती. न्यायाधीशांचं म्हणणं साधं होतं. बांधकाम व्यवसायात आयुष्य काढलेला माणूस, ज्या घरात तो कित्येक वर्षं राहतोय, त्याच्या मापात तिपटीची चूक करतो, याला नजरचूक म्हणता येणार नाही.

दुसरं उदाहरण कमी बोललं गेलं, पण मला ते जास्त बोलकं वाटतं. ट्रम्प पार्क अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत बारा घरं अशी होती की त्यांचं भाडं कायद्याने बांधलेलं होतं. आपल्या मुंबईच्या पागडीच्या घरांसारखंच समजा. भाडेकरू बसलेला आहे आणि भाडं वाढवता येत नाही, तर अशा घराला बाजारात काय किंमत येणार? २०१० मध्ये एका मूल्यांकनकाराने त्या बारा घरांची मिळून किंमत साडेसात लाख डॉलर धरली होती. ट्रम्प यांच्या पत्रकात तीच घरं जवळपास पाच कोटींची झाली. म्हणजे भाडेकरू कागदावरून उठवला गेला.

तिसरं उदाहरण फ्लोरिडातल्या मार-ए-लागोचं. याच्यावर सर्वात जास्त गदारोळ झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. पाम बीच काउंटीच्या कर अधिकाऱ्याने २०११ ते २०२१ या काळात या वास्तूची किंमत १ कोटी ८० लाख ते २ कोटी ७६ लाख डॉलर धरली होती. ट्रम्प यांच्या पत्रकात ती ४२ कोटी ६५ लाखांपासून ६१ कोटी २० लाखांपर्यंत होती. समर्थक म्हणाले, समुद्रकिनाऱ्यावरची एवढी जागा पावणेदोन-दोन कोटींत कुठे मिळते, दाखवा. बरोबर आहे, करासाठीची किंमत आणि बाजारभाव यांत फरक असतोच, हे आपल्याकडे रेडी रेकनर पाहणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००२ मध्ये ट्रम्प यांनीच एका दस्तावर सही करून ही जागा क्लब म्हणूनच वापरण्याचं बंधन स्वीकारलं होतं आणि घर म्हणून वापरण्याचे, विकासाचे हक्क सोडून दिले होते. त्या बंधनाचा फायदा कर कमी होण्यात झाला. बँकेपुढे ठेवलेल्या पत्रकात मात्र तीच जागा, जणू ते बंधनच नाही अशी, खासगी बंगल्याच्या भावाने मोजली गेली.

कर भरताना एक माप, कर्ज घेताना दुसरं. कुराणात ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरत आहे, ८३ वी. तिची सुरुवातच अशा लोकांवरच्या लानतीने होते, जे घेताना माप काठोकाठ भरून घेतात आणि देताना घट देतात. ‘तत्फीफ’ या शब्दाचा अर्थ आपण सहसा ‘वजनात मारणं’ एवढाच सांगतो. भाजीवाल्याचा तराजू डोळ्यांपुढे येतो आणि विषय संपतो. पण त्या सूरतेचा रोख पाव किलोला पन्नास ग्रॅम कमी देण्याएवढाच नाही. एकाच माणसाकडे दोन मापं असणं, एक घ्यायचं आणि एक द्यायचं, हा तिथला गुन्हा आहे. मार-ए-लागोची कहाणी ऐकताना मला तीच सूरत आठवत राहिली.

आता मुख्य युक्तिवादाकडे येऊ. ट्रम्प यांच्या वकिलांचं म्हणणं असं, की या सगळ्यात बळी कोण? डॉइशे बँकेने फ्लोरिडातल्या डोराल गोल्फ रिसॉर्टसाठी, शिकागोच्या इमारतीसाठी, वॉशिंग्टनच्या जुन्या पोस्ट ऑफिसच्या जागेवरच्या हॉटेलसाठी कर्जं दिली. कर्जं फिटली. बँकेने व्याज कमावलं. बँकेच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं की ग्राहकाच्या आकड्यांवर आम्ही डोळे मिटून विसंबत नाही, आमच्या हिशेबात त्याची संपत्ती आम्ही बरीच कमी धरतो. पत्रकातही लिहिलेलं होतं की आकडे तपासून घ्या. मग सरकारच्या पोटात का दुखावं?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जेम्स यांनी वापरलेल्या कायद्याखालची जवळपास सत्तर वर्षांतली प्रकरणं चाळली आणि निष्कर्ष काढला, की उघड बळी आणि मोठं नुकसान दाखवल्याशिवाय धंदा बंद पाडण्याची वेळ आलेला एवढा मोठा उद्योग दुसरा सापडत नाही. न्यूयॉर्कचे उद्योजक एवढे धास्तावले की गव्हर्नर कॅथी होकुल यांना सांगावं लागलं, सचोटीने धंदा करणाऱ्यांनी घाबरू नये.

हा कायदा कुठून आला, हे मात्र चर्चेत क्वचित सांगितलं गेलं. कार्यकारी कायद्याचं कलम ६३(१२) हे १९५६ सालचं. त्या वेळी अ‍ॅटर्नी जनरल होते जेकब जॅव्हिट्स. ते रिपब्लिकन, म्हणजे आज ट्रम्प ज्या पक्षाचे आहेत त्याच पक्षाचे. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये लुई लेफ्कोविट्झ आले, तेही रिपब्लिकन. ते दोन दशकांहून जास्त काळ त्या खुर्चीत राहिले आणि ग्राहकसंरक्षणाच्या कामाला त्यांनी मोठं रूप दिलं. ‘डेमोक्रॅटांनी ट्रम्पसाठी घडवलेलं हत्यार’ हे वर्णन म्हणूनच इतिहासाला धरून नाही. कायद्याची कल्पना अशी, की फसवणूक वारंवार होत असेल तर राज्याने एकेका गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट पाहू नये. अमक्याने विश्वास ठेवला, अमक्याचं एवढं नुकसान झालं, हे प्रत्येक वेळी सिद्ध करण्याची गरज नाही. व्यवहारात फसवण्याची क्षमता किंवा प्रवृत्ती होती का, एवढं पाहायचं. ट्रम्प युनिव्हर्सिटी नावाच्या शिकवणीवर राज्याने याच कलमाचा वापर केला होता. तिथे पैसे गमावलेले विद्यार्थी होते, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, अध्यक्षपदी निवड झाल्यानंतर काही दिवसांतच, ट्रम्प यांनी अडीच कोटी डॉलरवर समझोता केला. उलट एक्सॉनमोबिल या तेल कंपनीविरुद्धचा दावा डिसेंबर २०१९ मध्ये राज्य हरलं. म्हणजे हे कलम उगारलं की समोरचा पडतोच, असंही नाही.

तक्रारदाराशिवाय बाजारावर नजर ठेवणारा अधिकारी ही गोष्ट आपल्या इतिहासात नवी नाही. मदिनेच्या बाजारातली एक रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे, बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकली असेल. पैगंबर (स.) धान्याच्या एका राशीपाशी थांबले, हात आत घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं, आणि फसवणारा आपल्यातला नाही असं बजावलं. या रिवायतीवर बयान करणारे सहसा ‘प्रामाणिक धंदा करा’ इथे थांबतात. त्यात एक बारकावा आहे. त्या क्षणी कुणी गिऱ्हाईक फसलेलं नव्हतं. सौदा झालेला नव्हता, रडत आलेला कुणी नव्हता. वर कोरडं आणि खाली ओलं, एवढ्यावरच ती फसवणूक ठरली.

पुढे यातूनच हिस्बाची संस्था उभी राहिली. बगदादचे शाफई फकीह अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी ‘अल-अहकाम अस-सुल्तानिया’ या ग्रंथात मुहतसिबाचं काम सविस्तर मांडलं आहे. कोकणातले आपण शाफई त्यांच्या मजहबचे, म्हणून त्यांचं नाव थोडं अधिक जवळचं. मावर्दी सांगतात, काजीपुढे वादी-प्रतिवादी लागतात, मुहतसिबाला तक्रारदार लागत नाही. वजन-मापातली लबाडी, मालातली भेसळ डोळ्यांपुढे दिसली की तो स्वतःहून हात घालू शकतो. पण तेच मावर्दी त्याला कुंपणही घालतात. जे उघड आहे तेवढंच त्याचं, लोकांच्या बंद दारांमागे डोकावणं त्याचं काम नाही, आणि पुराव्याची चिकित्सा लागणारा वाद त्याने काजीकडे सोडायचा. आपल्याकडे मुहतसिब म्हटलं की औरंगजेबाने दारू-भांग बंद करायला नेमलेला अधिकारी तेवढा आठवतो. या पदाचं मूळ काम तराजूपाशी होतं, हे विसरलं गेलं.

एवढं डोळ्यांपुढे ठेवलं तर पहिल्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. बँक फसली नाही, हे बँकेच्या चतुराईचं लक्षण आहे, कर्जदाराच्या सचोटीचं नाही. आणि नुकसान कुणाचंच नाही हेही पूर्ण खरं नाही. संपत्ती फुगवून दाखवल्यामुळे वैयक्तिक हमीवर स्वस्त व्याज मिळालं, असं न्यायालयाने धरलं. ज्या व्यावसायिकाने खरे आकडे दिले, त्याला महाग व्याज पडलं असणार. तो साक्षीला आला नाही, कारण आपलं काय गेलं हे त्याला कधी कळणारच नव्हतं. बाजारात खोटं माप खपतं तेव्हा पहिला मार खऱ्या मापवाल्याला बसतो.

पण दुसरा प्रश्न एवढा सोपा नाही. तिथे आपल्या गटांतल्या जल्लोषाशी माझं जमलं नाही.

एन्गोरॉन यांनी रक्कम कशी काढली ते पाहा. स्वस्त व्याजामुळे वाचलेले सुमारे १६ कोटी ८० लाख. जुन्या पोस्ट ऑफिसचं हॉटेल विकून ट्रम्प यांच्या वाट्याला आलेला नफा सुमारे १२ कोटी ६८ लाख. फेरी पॉइंट या गोल्फ मैदानाचा करार दुसऱ्याला देऊन मिळालेले ६ कोटी. त्यावर वर्षाला ९ टक्के व्याज. निकालानंतर ते व्याज रोज १ लाख १२ हजार डॉलरच्या आसपास वाढत होतं. शिवाय ट्रम्प यांना तीन वर्षं आणि दोन मुलांना दोन-दोन वर्षं न्यूयॉर्कमधल्या कंपनीत पदाधिकारी राहायला बंदी. दोन्ही मुलांवर ४०-४० लाख डॉलर वेगळे.

राज्याचं म्हणणं, हा दंडच नाही. लबाडीने कमावलेला नफा आम्ही परत काढून घेतोय. मग तो कुणाला परत करताय? बँकेला नाही, तिने मागितलाच नव्हता. तो जाणार राज्याच्या तिजोरीत. इथे गोष्ट अडखळते. ज्याचं गेलं त्याला दिलं तर ती भरपाई. सरकारने ठेवून घेतलं तर त्याला दंडाव्यतिरिक्त काय म्हणायचं? शिवाय हॉटेलच्या विक्रीतला सगळा नफा त्या एका पत्रकामुळेच झाला, बाजार, जागा, मेहनत यांचा त्यात काहीच वाटा नाही, असं धरणंही मला ताणलेलं वाटतं.

दंडाच्या मापाचा इतिहास इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे जातो. राजा जॉनचे अधिकारी लहानसहान चुकांवर एवढा दंड लावत की माणूस उठूनच बसू नये. त्या सनदेच्या विसाव्या कलमाने ठरवलं, दंड गुन्ह्याच्या प्रमाणात असावा. व्यापाऱ्याला दंड करा, पण त्याचा विकायचा माल वाचला पाहिजे. कुळाला दंड करा, पण त्याची शेतीची साधनं राहिली पाहिजेत. माणूस उद्या पुन्हा पोट भरू शकला पाहिजे, ही त्यामागची समज. तेच तत्त्व १६८९ च्या इंग्लिश अधिकारपत्रात ‘अवाजवी दंड नको’ या रूपात आलं, आणि तिथून १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत.

आपल्याकडेही ते वाक्य आलं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ६३ सांगत होतं, जिथे दंडाची कमाल रक्कम ठरवलेली नाही तिथे ती अमर्याद असू शकते, मात्र अवाजवी असता कामा नये. योगायोगाने आकडा इथेही ६३ च. नव्या न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

हनफी फकीहांनी तर दंडाच्या मुळाशीच हात घातला होता. पैशाच्या रूपात ताजीर, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावरची शिक्षा, देता येते का? इमाम अबू हनीफा नाही म्हणतात. इमाम अबू यूसुफ यांचं मत अनुकूल असल्याचं सांगितलं जातं. पण नंतरच्या हनफी ग्रंथकारांनी त्याचा अर्थ असा लावला, की अपराध्याचा माल काही काळ अडकवून ठेवायचा आणि तो सुधारल्यावर परत करायचा, सरकारने गिळायचा नाही. कारणही त्यांनी नोंदवलं. दंडाची मोकळीक दिली तर जालीम हाकीम याच निमित्ताने रयतेचा पैसा खातील. आपल्या फकीहांना तिजोरीची भूक ठाऊक होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र आठव्या दुरुस्तीतलं ते कलम वापरून एखादी वसुली अवाजवी ठरवायला दोनशेहून जास्त वर्षं घेतली. तो दिवस होता २२ जून १९९८. प्रकरण कुणा धनदांडग्याचं नव्हतं. सीरियात वाढलेला एक अर्मेनियन वंशाचा स्थलांतरित १९९४ मध्ये बायको आणि मुलींसह लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परदेशी निघाला होता. सामानात ३,५७,१४४ डॉलर रोख. दहा हजारांहून जास्त रक्कम नेत असाल तर सांगावं लागतं. त्याने पंधरा हजार सांगितले. पैसे चोरीचे नव्हते, तो एक कायदेशीर कर्ज फेडायला निघाला होता. मग लपवले का? खालच्या न्यायालयानेच नोंदवलं, की सीरियात अल्पसंख्याक म्हणून वाढल्यामुळे सरकारी माणसाविषयी मनात बसलेली भीती हे त्याचं एक कारण होतं. सरकारला सगळी रक्कम जप्त करायची होती. खालच्या न्यायालयाने जप्ती पंधरा हजारांपुरती ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, अपराध फक्त न सांगण्याचा, त्यासाठी सगळी रक्कम घेणं हे अपराधाच्या मानाने घोर विषम आहे. पुढे इंडियाना राज्यातल्या एका माणसाची ४२ हजार डॉलरची गाडी जप्त झाली. त्याच्या गुन्ह्याला कमाल दंडच दहा हजारांचा होता. २०१९ मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मॅग्ना कार्टाचा हवाला देत लिहिलं, की हे संरक्षण राज्य सरकारांच्या दंडालाही लागू आहे.

ट्रम्प यांच्या वकिलांनी न्यूयॉर्क राज्याविरुद्ध याच आठव्या दुरुस्तीचा आधार घेतला. सीरियातून आलेल्या माणसाच्या खटल्यात घडलेली ढाल, आणि ती हातात घेणारा माणूस सीरियाच्या नागरिकांना दार बंद करणारा. यावर खदखदून हसावं, असं कुणालाही वाटेल. पण ढाल फक्त आवडत्या माणसापुढे धरायची असेल तर ती ढाल राहत नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आशय आपण लहानपणापासून ऐकतो, एखाद्या जमातीविषयीचा राग तुम्हाला अन्यायाकडे ओढून नेऊ नये. ही आयत मित्राच्या बाबतीत पाळायला काहीच कष्ट पडत नाहीत.

आणि आपण कुठल्या देशात राहून हे बोलतोय? आरोप झाला की दुसऱ्या दिवशी घरापुढे बुलडोझर, हे आपण कित्येक राज्यांत पाहिलं. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की माणूस आरोपी आहे म्हणून किंवा दोषी ठरला म्हणूनही प्रशासनाला त्याचं घर पाडता येणार नाही, आणि एकाच्या अपराधासाठी सगळ्या कुटुंबाचं छत काढणं ही सामूहिक शिक्षा आहे. न्यूयॉर्कमध्ये साडेतीन वर्षांची चौकशी, ४४ दिवसांची सुनावणी, चाळीसच्या आसपास साक्षीदार, ९२ पानांचा निकाल एवढं सगळं होऊनही दंडाचं प्रमाण तपासलं गेलं. ते आपल्याला हवंय की नकोय? हवं असेल तर ट्रम्पलाही मिळालं म्हणून छाती बडवण्यात अर्थ नाही.

२१ ऑगस्ट २०२५ च्या निकालात नेमकं काय झालं हेही बातम्यांच्या मथळ्यांत हरवलं. पाच न्यायमूर्ती, तीन वेगवेगळी निकालपत्रं, मिळून ३२३ पानं. दोघांनी म्हटलं, फसवणूक सिद्ध झाली आहे, बंदी आणि देखरेख राहू दे, पण व्याजासह पन्नास कोटींच्या वर गेलेली रक्कम अवाजवी दंड ठरते. दोघांना खटला नव्याने चालायला हवा होता, पण प्रकरण वरच्या न्यायालयात जाऊ शकावं म्हणून त्यांनी पहिल्या दोघांच्या आदेशाला साथ दिली. पाचव्याच्या मते दावाच फेटाळायला हवा होता आणि त्यामागचा हेतू राजकीय होता. पाचांपैकी एकानेही दंडाची रक्कम उचलून धरली नाही, हे जेम्सविरोधक सांगतात. फसवणुकीचा ठपका पुसला गेला नाही, हे ते सांगत नाहीत.

हेतूच्या आरोपात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. २०१८ च्या प्रचारात जेम्स यांनी ट्रम्प यांना बेकायदा अध्यक्ष म्हटलं होतं आणि त्यांच्या मागे लागण्याचं वचन देऊन मतं मागितली होती. मुहतसिबाने बाजारात जायच्या आधीच अमक्या दुकानदाराचं नाव घेऊन शपथ खाल्ली, तर तराजू खोटा निघाला तरी लोक तराजूपेक्षा शपथेबद्दलच बोलणार. त्यांनी स्वतःच्या खटल्याचं नुकसान स्वतःच्या तोंडाने केलं.

यानंतर जे घडलं ते एखाद्या किस्सेकाराला सुचलं नसतं. ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या वकिलांनी लेटिशिया जेम्स यांच्यावरच आरोपपत्र ठेवलं, आणि तेही फौजदारी. आरोप काय? व्हर्जिनियात २०२० मध्ये घेतलेल्या एका घराच्या कर्जासाठी बँकेला खोटी माहिती देऊन स्वस्त व्याज मिळवलं. कथित फायदा, कर्जाच्या सगळ्या मुदतीत मिळून, १९ हजार डॉलरहून थोडा कमी. जेम्स यांनी आरोप नाकारले. त्या दिवशी दोन्ही फौजांनी जागा बदलल्या. काल ‘बँक बुडाली नाही तर फसवणूक कसली’ म्हणणारे आज ‘कायद्यापुढे सगळे सारखे’ म्हणू लागले, आणि काल ‘बळी नसला तरी फसवणूक ती फसवणूक’ शिकवणारे आज ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ असं विचारू लागले. पुन्हा दोन मापं, घ्यायचं वेगळं आणि द्यायचं वेगळं.

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी तो खटला रद्द झाला. आरोपपत्र ठेवणाऱ्या सरकारी वकील बाईंची नेमणूकच बेकायदा होती, असं न्यायाधीशांनी ठरवलं. म्हणजे घराच्या कागदावर लिहिलं ते खरं की खोटं, याचा फैसला झालाच नाही. पुढच्याच महिन्यात नव्याने आरोप ठेवण्याचा प्रयत्न ग्रँड ज्युरीपुढे टिकला नाही. इकडे ट्रम्प यांच्या दंडाचा वाद जेम्स यांनी अल्बानीच्या कोर्ट ऑफ अपील्सकडे नेला. न्यूयॉर्कमध्ये सर्वात वरचं न्यायालय ते. एन्गोरॉन ज्या न्यायालयात बसत होते त्याचं नाव सुप्रीम कोर्ट असलं तरी ते सर्वात वरचं नाही, तेव्हा नावावरून फसू नका.